पोट रस्त्यावर चालतं, तरी अंजनेरीच्या रस्त्याला नाही म्हणालो

आधीच सांगून टाकतो, मी सिव्हिल डिप्लोमावाला आहे आणि आमचं घर रस्त्याच्या कामांवर चालतं. बरीच वर्षं झाली साइट सुपरवायझर म्हणून, आधी एकाकडे, आता दुसऱ्याकडे, कॉन्ट्रॅक्टरची नावं घेत नाही कारण अजून त्यांच्याच कृपेने ईएमआय भरतोय. त्यामुळे मी कुठे "रस्ता नको" म्हणून बोर्ड धरून उभा राहीन असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. पण राहिलो. मास्कचे दिवस होते म्हणून बरं, अर्धं तोंड झाकलेलं, वर टोपी, ओळखीचं कोणी दिसलं की मी झाडाकडे बघायचो.

तर ते अंजनेरीच्या रस्त्याचं. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो. सातपूर सोडलं की त्र्यंबक रोडने महिरावणी, मग पुढे, नाशिकपासून साधारण वीसेक किलोमीटरवर, अंजनेरी गाव. डाव्या हाताला जो भलामोठा आडवा डोंगर दिसतो तो अंजनेरी, जवळपास १३०० मीटर उंच. हनुमानाचा जन्म इथला असं आपण मानतो, अंजनीमातेचं एक देऊळ अर्ध्या वाटेवरच्या पठारावर, मग पावलाच्या आकाराचं तळं, मग सीतागुंफा, आणि दुसरं देऊळ एकदम माथ्यावर. गावातून थोडं वर गाडी जाते, तिथे पार्किंग, तिथून पुढे कपारीतल्या पायऱ्या. पायऱ्यांच्या वाटेवर जैन लेणी आहे, बरेच जण माकडांच्या भीतीने बिस्किटाचा पुडा लपवत तसेच पुढे जातात आणि लेणी राहूनच जाते.

कोविडच्या सुमारास बातमी आली की मुळेगावकडून वर अंजनेरीपर्यंत गाडीरस्ता करायचा घाटतंय. माझी पहिली रिअ‍ॅक्शन खरं सांगू का, अरे वा. एक तर काम. दुसरं म्हणजे आई. आईची फार इच्छा आहे अंजनीमातेच्या पायावर डोकं ठेवायची आणि तिचे गुडघे कधीचेच गेलेत, घराचा जिना उतरताना सुद्धा कठड्याला धरून एकेक पायरी. मी तिला फोनवरच सांगून टाकलं, थांब दोन वर्षं, गाडीने नेतो तुला वर. हे वाक्य मी बोललो नसतो तर बरं झालं असतं, ते पुढे येईलच.

मग एका रविवारी मित्राबरोबर वर गेलो, श्रावण होता. हा मित्र बँकेत आहे पण फुलांचा नाद. पठारावर धुकं, चिखल, आणि हा बाबा एकदम ओरडला, "पाय उचल!" मला वाटलं साप. मी एका पायावर उभा. तर गवतात एक रोप, इतकं बारीक की गवत आणि ते वेगळं काढायला मला अर्धा मिनिट लागला. कंदीलपुष्प. फूल म्हणजे खरंच छोटा कंदील, खाली फुगीर, वर नळी, आणि टोकाला पाकळ्या एकमेकींना चिकटून पिंजऱ्यासारख्या. आत नळीत उलट्या दिशेचे बारीक केस असतात म्हणे, चिलट वासाने आत शिरलं की बाहेर येता येत नाही, परागकणांचं काम झालं की केस सुकतात आणि मग चिलटाला सोडून देतात. लॉकडाऊनच की. आपल्याकडे कंदीलपुष्पाच्या बऱ्याच जाती आहेत, पण ही जी आहे तिचं शास्त्रीय नावच सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ साली नवी जात म्हणून नोंद झाली, या डोंगराचं नाव मिळालेली. खाली कंद असतो, उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही, मोकळं पठार. पावसाळ्यात दोन-तीन महिने काय तो संसार.

उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही, हे डोक्यात बसलं माझ्या. कारण आमचे सर्व्हे उन्हाळ्यात होतात. मशीन लावलं, मोजणीची पट्टी धरली, शीटवर लिहिलं "पडीक, खडकाळ, झाडोरा नाही". मी स्वतः लिहिलंय असं, दुसऱ्या डोंगरांवर. काय काय होतं तिथे खाली, देव जाणे.

घरी आल्यावर कागद घेतला. ट्रेकिंगवाले मित्र म्हणतात "डोंगर फोडणार", "निसर्गाचा ऱ्हास", पण आकडा कोणी सांगत नाही. मला सवय आकड्यांची. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढायचंय किती, धरा ५०० मीटर. डोंगरी रस्त्याला आम्ही चढ साधारण वीसाला एक धरतो, म्हणजे २० मीटर चाललं की १ मीटर वर, याहून फार उभा केला की बस घेत नाही आणि उतरताना ब्रेक जळतात. ५०० ला २० ने गुणा. १० किलोमीटर. म्हणजे डोंगर समोर दिसतोय एवढासा पण त्याच्या अंगावर १० किलोमीटरची नागमोडी ओढावी लागणार, हेअरपिन वळणं वेगळी. आता रुंदी. अगदी गरीब सिंगल रस्ता धरा, साइडपट्टी आणि गटार मिळून ६ मीटर. उतार ४५ अंशाचा असेल तर ६ मीटर रुंद जागा करायला आतल्या बाजूला ६ मीटर उंच कापावं लागतं, दुमजली घराएवढी भिंत. एका मीटर लांबीला १८ घनमीटर, आमच्या भाषेत सहा-साडेसहा ब्रास, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. १० किलोमीटरला साठ हजार ब्रासच्या वर. आणि खणलं की माल फुगतो, तो दीडपट तरी धराच. हायवा डंपर भरून काढायचा म्हटलं तर चौदा-पंधरा हजार खेपा.

ढोबळ आहे हे, सगळीकडे ४५ चा उतार नसतो, थोडा माल भरावाला वापरतात, मान्य. पण तुम्हाला खरं वाटतं पंधरा हजार खेपा कोणी करतं? मी सांगतो काय होतं. पोकलेनवाला बकेट फिरवतो आणि दरीकडे ओततो. टेंडरमध्ये लिहिलेलं असतं की माल ठरलेल्या जागी न्यायचा, लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर, सुद्धा दाखवलेली असते, बिलात पण येते. आणि माल मात्र ओढ्यात. पहिल्या पावसाला तो मुरूम खाली वाहतो, मोऱ्या चोंदतात, मग पाणी रस्त्यावरून, मग रस्ता खचतो, मग दुरुस्तीचं टेंडर. आम्ही गमतीत त्याला पेन्शन म्हणतो. माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, १५१ माणसं, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. प्रत्येक दरड रस्त्यामुळेच येते असं मी म्हणत नाही, सांगणारा मी कोण, पण डोंगराचा पाय कापला की वरचं अंग कशावर उभं राहणार हे कळायला इंजिनिअर कशाला लागतो.

अजून एक गोष्ट, ती त्या बँकवाल्याने दाखवली. माथ्याच्या खालच्या कड्यांवर पांढरे ओघळ दिसतात, चुन्याने रंगवल्यासारखे, ती गिधाडांची विष्ठा. लांब चोचीची गिधाडं कड्यातच घरटं करतात आणि वर्षाला एक अंडं, एकच. गुरांच्या दुखण्यावर द्यायचं ते डायक्लोफेनॅक, मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, देशभर सफाया झाला, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. आपल्याच जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याच्या लोकांनी गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायची जागा केली, गिधाडांचं हॉटेल म्हणतात त्याला, किती कौतुक झालं त्याचं. आणि ही गिधाडं घरटी कधी करतात? पावसाळा संपला की, थंडीभर. आणि आम्ही डोंगर कधी फोडतो? पावसाळा संपला की. दसऱ्याला मशिनरीची पूजा आणि मेअखेरपर्यंत ब्रेकर नि ब्लास्टिंग. एकच सीझन दोघांचा.

२०१७ मध्ये अंजनेरीचा पावणेसहा चौरस किलोमीटरच्या आसपासचा भाग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. जिल्ह्यात बोरगड तर त्याआधीच, २००८ ला. अभयारण्याइतकं हे कडक नसतं, पण सरकारनेच जपायचं म्हणून रेषा मारलेली जागा आहे. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात ही तरतूद आली, आणि जाहीर करण्याआधी स्थानिकांशी बोला असंही त्यात आहे. मग रस्त्याच्या वेळी तेच गाव आणि तेच जंगल कुठे गेलं?

विरोध चांगला झाला. वनस्पती अभ्यासणारे, पक्षीवाले, ट्रेकर, गावातले काही, पत्रं गेली, ऑनलाइन सह्या झाल्या, पेपरात आलं. तो रस्ता मागे पडला. सगळं गाव विरोधात होतं असं मात्र कोणी रंगवू नका. गावातली काही पोरं स्पष्ट बोलायची, तुम्ही शहरातले रविवारी येता, फोटो काढता, आम्हाला इथे धंदा नाही, रस्ता झाला तर चार गाड्या येतील. त्यांना उत्तर द्यायला मला जड गेलं. पण पायथ्याला भजी विकणाऱ्या मावशींनी माझ्या देखत दिलं. "आत्ता गाडी इथं लागते म्हणून लोक माझ्याकडं थांबतात. डायरेक वर गेली तर माझ्याकडं कोण येतंय? वर कोणाचं हाटेल होईल, माझं?" पोरगा गप्प. एवढी वर्षं बायपास केले मी, किती गावांचे चहावाले घरी बसवले असतील, हा विचार कधी आला नव्हता.

आता रोपवे. २०२२ च्या केंद्राच्या बजेटमध्ये रोपवेंसाठी पर्वतमाला योजना आली, आणि त्यात त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगरापासून अंजनेरीपर्यंत रोपवेचा प्रस्ताव आला, पावणेसहा किलोमीटरच्या आसपास लांबी. पर्वतमालाचे रोपवे बघणारी कंपनी कोणाची, तर हायवे अथॉरिटीचीच. म्हणजे हायवे नाही आला तर हायवेवाले आले, तारेवरून. लोक म्हणतात रोपवेला डोंगर कापावा लागत नाही. रस्त्याएवढा नाही लागत, हे बरोबर आहे. पण टॉवर हवेत उभे राहत नाहीत, त्यांचं फाउंडेशन, तिथपर्यंत मटेरियल न्यायला वाट, वरच्या स्टेशनला प्लॅटफॉर्म, टॉयलेट, कँटीन, आणि तारा ज्या हवेत ओढायच्या त्याच हवेत गिधाडं घिरट्या घालतात. त्यालाही विरोध झाला आणि चालू आहे. सिंहस्थ तोंडावर आलाय, कुंभाच्या नावाने काहीही मंजूर करून घ्यायचं असतं, साधुग्रामसाठी नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडायच्या बेतावरून केवढा गदारोळ झाला बघितलं ना.

मी सरसकट विरोधी नाही हो. इगतपुरीला समृद्धीचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा झाला, कसाऱ्याचा ताप वाचला, मी स्वतः गेलो त्यातून, छान वाटलं. माल, अ‍ॅम्ब्युलन्स, रोजची माणसं जाणार असतील तर खर्च करा, बोगदा काढा. अंजनेरीला वर कोण राहतं? पुजारी, माकडं आणि ते कंदील.

आईला हे सगळं समजावून सांगितलं मी, कागदावरचं गणित सुद्धा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फुलाचं कळलं. गुडघ्यांचं काय?" यावर आजही माझ्याकडे धड उत्तर नाही. पायऱ्या नीट करा, तुटलेल्या जागी रेलिंग लावा, जागोजागी बसायला ओटे करा, डोलीची सोय करा, हे मी म्हणतो, पण डोलीत बसायला ती तयार नाही, माणसांच्या खांद्यावर मेल्यावरच जायचं म्हणते. आणि "गाडीने नेतो" असं मी बोललेलं तिच्या पक्कं लक्षात आहे.

मागच्या हनुमान जयंतीनंतर गर्दी ओसरल्यावर नेलं तिला पार्किंगपर्यंत. गाडीतून उतरली, वरती बघितलं, चपला काढून तिथूनच हात जोडले, नारळ माझ्याकडे दिला, वर जाऊन फोडून ये म्हणाली. मी पहिल्या पठारावरच्या देवळात जाऊन आलो, घामाघूम, शेंडी आणि अर्धी वाटी हातात. खाली येऊन बघतो तर आई भजीवाल्या मावशींच्या बाकड्यावर बसलेली आणि दोघींचं जोरात चालू. आई म्हणतेय रस्ता व्हायला पाहिजे होता, म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं. मावशी म्हणतायत मग मी काय करायचं. आई म्हणाली तुम्ही वर दुकान टाका. मावशी म्हणाल्या वर दुकान टाकायला मला गुडघे आहेत का. मी प्रसाद वाटला, दोघींनी घेतला, आणि मावशींनी दुसरा घाणा सोडला.