चौलच्या ट्रिपला आलेल्या रास्ता पेठेतल्या आजी

पुण्यातनं कोकणात एक दिवसाच्या ट्रिपा काढणं हे माझं काम आणि त्यातली चौल-रेवदंडा माझी सगळ्यात लाडकी. अलिबाग म्हणजे बीच एवढंच लोकांच्या डोक्यात असतं, पण तिथून थोडं पुढे गेलं की चौल, दुसऱ्या शतकातल्या ग्रीक भूगोलकार टॉलेमीनं नोंदवलेलं बंदर. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी इथे येऊन गेला, पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी निकितीन उतरला, मग पोर्तुगीज, मग १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं. आज बघाल तर नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मधून रस्ता.

त्या रविवारी रास्ता पेठेतल्या एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. रामेश्वराच्या देवळात काहीच बोलल्या नाहीत. रेवदंड्याला सातखणी मनोऱ्यापाशी सगळे फोटो काढत होते तेव्हा जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अरे, इथलं आमचं सिनेगॉग दाखवणार ना?" सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. तेव्हा कळलं की आजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, आडनावही इथल्याच गावावरून पडलेलं.

बेने इस्रायलांची कथा वाचलेली होती, की पूर्वज जहाज फुटून नवगावजवळ किनाऱ्याला लागले, सात पुरुष नि सात बायका वाचल्या, मग अलिबागच्या आसपास गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवले आणि शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले. पण वाचणं वेगळं आणि त्या घरातलं माणूस समोर उभं असणं वेगळं.

जेवण चौलमधल्या एका वाडीत सांगितलेलं. आजींनी ताटातली कोळंबीची वाटी उचलून बाजूला ठेवली आणि पापलेट घेतलं, खवले नि पर नसलेलं आमच्यात चालत नाही म्हणाल्या. वाढणाऱ्या काकूंच्या सासूबाई ओट्यावर बसलेल्या, त्यांनी हे ऐकलं आणि थेट विचारलं, "तुमी शनवारतेल्यांतल्या का ओ?" आजी हो म्हणाल्या. मग त्यांनी आजींचा हात धरला आणि वाडीच्या मागे घेऊन गेल्या, आम्ही पाचसहा जण मागोमाग.

तिथे नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारी घाण्याचं दगडी उखळ अर्धं मातीत गेलेलं होतं. काळा दगड, बाहेरून खडबडीत, कडेला एक टवका उडालेला आणि आतून मात्र इतका गुळगुळीत की बोट घसरावं. "हा तेल्यांचा, ते गेले तेव्हा हितंच राहिला, माझी सासू सांगायची," म्हातारी म्हणाली. आजी खाली बसल्या आणि हात आत घालून गोल गोल फिरवत राहिल्या. तो त्यांच्याच घरचा होता का हे कोण सांगणार, त्यांनी ते विचारलंही नाही. आजोबा सांगायचे तस्साच आहे रे, एवढंच नातवाला म्हणाल्या.

नंतर प्रोग्रॅममध्ये नागाव बीच होता. मी बसमध्ये विचारलं की बीच सोडून नवगावला जाऊया का, आणि खरं सांगतो, एकानंही नाही म्हटलं नाही, लहान मुलंवाल्या फॅमिलीनंसुद्धा. माईक आजींकडे दिला. त्यांनी मलिद्याचं, म्हणजे त्यांच्यातल्या नवसाच्या प्रसादाचं सांगितलं, भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू पैगंबराच्या रथाची खूण म्हणून जो खडक मानतात तिथला नवस. १९४८ नंतर एकेक घर इस्रायलला कसं गेलं तेही सांगितलं, त्यांच्या दोन बहिणी तिकडेच. मी इतकी वर्षं लोकांना इतिहास सांगतोय, पण बसमध्ये अशी शांतता कधी बघितली नव्हती.

नवगावला जुनं कब्रस्तान आहे, स्मारकाचा खांब आहे. आजींनी हिब्रूत प्रार्थना म्हटली आणि मग तिथल्या थडग्यांना उद्देशून सरळ मराठीत बोलायला लागल्या, आम्ही बरे आहोत, पोरं शिकली, रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगमध्ये अजून दिवा लागतो.

पुण्याला पोचायला मध्यरात्र उलटली. तेव्हापासून चौलच्या ट्रिपमध्ये रेवदंड्याचं सिनेगॉग, अलिबागची इस्रायल आळी आणि नवगाव मी धरतोच, किल्ल्यातला वेळ थोडा कापला जातो पण जाऊदे. आणि ही ट्रिप शनिवारी काढत नाही. रविवारीच ठेवतो, कारण आजींनी आता बहिणी आल्या की त्यांनाही आणणार म्हणून सांगून ठेवलंय.