केरनचा डोंगर

आमच्या घरात अवघड कामाला ‘केरनचा डोंगर’ म्हणतात. विहिरीवरून चार घागरी आणायला सांगितल्या आणि मी तोंड वाकडं केलं की आजी म्हणायची, “केरनचा डोंगर चढायला सांगितलाय का गं तुला?” तो डोंगर वाईच्या बाजूला, मांढरदेवच्या पलीकडे कुठेतरी असणार, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. आजोबा, म्हणजे आमचे आबा, मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात ‘तिकडे’ जाऊन आले होते, एवढंच घरात ठाऊक. तिकडे म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. ते गेले तेव्हा मी सहावीत होते.

हा डोंगर मला यंदा मे महिन्यात पुण्यात सापडला. खडकवासल्याला, तोही लाल दगडाचा.

झालं असं, की माझ्या भावाचा मुलगा, आमचा दाद्या, ३० मे २०२५ ला एनडीएतून, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून, पासआऊट झाला. सातारच्या सैनिक स्कूलचा पोरगा. घरी सगळ्यांनी जायचं ठरलं, पण भावाच्या सासरी अडचण निघाली आणि तो नि वहिनी आदल्या रात्री येणार असं झालं. मग तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोन दिवस आधी घेऊन जायची कामगिरी आत्यावर, माझ्यावर आली. तात्या अठ्ठ्याहत्तरचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त, त्यानंतर साखर कारखान्याच्या गेटवर बरीच वर्षं. आमचं गाव अपशिंगे मिलिटरीच्या शेजारचं. अपशिंग्याचा मान मोठा. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले, त्यांच्या नावाचा स्तंभ आहे. आमच्या गावाला स्तंभ नाही, पण घरटी एक फौजी आहेच. शिपाई, नाईक, हवालदार, नशीब फळफळलं तर सुभेदार. साहेब मात्र कायम दुसऱ्या गावचे.

त्यामुळे तात्यांचं काय चाललं होतं ते मला दिसत होतं. बोलत काही नव्हते. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी मेडल काढली, ब्रासो लावून पुसली, बिस्किटांच्या डब्यात ठेवली, डबा पिशवीत ठेवला आणि सकाळी परत काढून कपाटात टाकला. “का?” विचारलं तर म्हणाले, “दिवस पोराचा आहे.”

एसटीत त्यांचं तिकीट शून्य, माझं अर्धं. सरकारी खर्चाने परेड बघायला निघालो म्हणायचं. खंबाटकीपासून जो पाऊस लागला तो वारज्याला पुलाखाली उतरेपर्यंत. यंदा मान्सून २६ मेलाच पुण्यात येऊन बसला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत छत्री घेऊन हिंडायची वेळ. वारज्यात लॉजची खोली फोनवर ठरवली होती. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “मॅडम, पीओपी आहे ना, रेट बदललेत.” दुप्पट. पीओपी म्हणजे पासिंग आऊट परेड, हे मला तिथे कळलं. वर खोली दुसऱ्याच कुणाला दिलेली. मी भांडले, तात्या बाहेर बाकावर बसून ऐकत होते. शेवटी कर्वेनगरला नणंदेच्या फ्लॅटमध्ये पथारी टाकली. नणंदेने पिठलं-भात केला आणि लॉजवाल्याला अशा काही शिव्या दिल्या की माझं समाधान झालं.

त्या दोन दिवसांत वारजे, शिवणे, उत्तमनगर या रस्त्यावर सगळा देश उतरला होता. एनडीए गेटकडे जाणाऱ्या बसमध्ये आमच्या पुढे रोहतकच्या बाजूचे एक शेतकरी नवरा-बायको, मागे एक मणिपुरी कुटुंब, दाराशी पांढऱ्या मुंडूतले केरळी आजोबा. रोहतकच्या बाई कुणाशीही बोलायच्या. त्यांनी तात्यांना विचारलं, “बाबूजी, आपका भी बच्चा है?” तात्यांची हिंदी पलटणीतली, तिला लिंग वचन काही नाही. “हां, हमारा नातू है. हम भी फौज में था.” बाईंनी तिथल्या तिथे डबा उघडून तुपातला लाडू दिला. तात्यांनी आमच्या पिशवीतले कंदी पेढे काढले. खरं तर ते दाद्यासाठी मोजून आणलेले. मला काही बोलता आलं नाही.

आदल्या दिवशी हबीबुल्ला हॉलमध्ये पदवीदान होतं. एनडीएचे पहिले कमांडंट मेजर जनरल हबीबुल्ला, त्यांच्या नावाचा हॉल. या पोरांना तीन वर्षांनी जेएनयूची डिग्री मिळते. तात्यांना ते माहीत नव्हतं. “म्हणजे हा ग्रॅज्युएट पण झाला?” असं दोनदा विचारलं.

तो कार्यक्रम संपल्यावर दाद्याने आम्हाला हिंडवलं. चालतो कसा, तर कमरेत काठी बांधल्यासारखा. आजोबांना नमस्कार केला तो मात्र घरच्यासारखा, वाकून, पायाला हात लावून. तात्या म्हणाले, “बारीक झालास,” तो म्हणाला, “तात्या, फिट झालोय.” सहा टर्म, तीन वर्षं, कॅम्प तोरणाच्या गोष्टी, रगड्याच्या गोष्टी, पीकॉक बेमध्ये नाव उलटली त्याची गोष्ट. मला अर्ध्या कळल्या. रगडा म्हणजे शिक्षा, एवढं कळलं, आणि ते सांगताना पोरगं खुशीत येत होतं हे त्याहून जास्त.

मग तो घुमटाच्या इमारतीसमोर उभा राहिला. फोटोत असते तीच. खाली काळा बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट, वर जोधपूरचा लाल दगड, पावसाने धुऊन निघालेला, माठाच्या ओल्या मातीच्या रंगाचा. मागे ढग अगदी टेकडीवर उतरलेले. “हा सुदान ब्लॉक,” दाद्या म्हणाला.

“सुदान का?” मी विचारलं. शाळेत मी भूगोल शिकवते, तरी विचारलं.

त्याने पाठ केलेलं सांगितलं. नव्या कॅडेटला हे सगळं पाठच करावं लागतं म्हणे. दुसऱ्या महायुद्धात इटलीची फौज सुदानच्या शेजारच्या एरिट्रियात होती, तिथून सुदानवर चालून येत होती. हिंदुस्थानी फौजेने ते थोपवलं आणि मग उलट त्यांच्या मुलखात घुसली. सुदानच्या सरकारने त्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९४१ मध्ये एक लाख पौंड दिले. फाळणीत त्याचीही वाटणी झाली; आपल्या वाट्याला आले सत्तर हजार, तीस हजार पाकिस्तानला. (आमच्या बांधाच्या वाटणीला कोर्टात अकरा वर्षं गेली. हे बहुतेक लवकर उरकलं.) आपल्या सत्तर हजारांतून ही इमारत उभी राहिली, १९५९ ला उघडली.

“मोठी लढाई केरनला झाली,” दाद्या सांगत होता. “डोंगरात. फेब्रुवारी-मार्च एकेचाळीस. आपली तिसरी मराठा बटालियन होती, फ्लॅट टॉप नावाच्या टेकडीवर…”

“काय म्हणालास?” तात्या.

“फ्लॅट टॉप.”

“त्याच्या आधी.”

“केरन.”

तात्या काही बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं, मग दाद्याकडे. त्याच्याही तेव्हाच लक्षात आलं असणार. पोराने तीन वर्षं हे नाव परीक्षेसाठी घोकलं होतं आणि घरातली म्हण त्याच्या डोक्यातच आली नव्हती. म्हण ती म्हण. ‘सतराशे विघ्नं’ म्हणताना सतराशे कोण मोजतं?

तात्या छत्री मिटवून पायऱ्यांपाशी गेले. भिंतीच्या काळ्या दगडाला हात लावला. सराफाकडचं कडं बघावं तसा अंगठा सांध्यावरून फिरवला. गावात घर बांधताना गवंड्याचं काम तपासतात तसाच. “सांधा चांगला बसवलाय,” म्हणाले. थोड्या वेळाने, “आबाचा गुडघा कायम वाकडा होता. आम्हाला सांगायचा, बैलाने मारलं.”

त्या रात्री ते लवकर झोपले. मीच जागी होते. भाऊ-वहिनी बाराला पोचले.

परेड सकाळी लवकर. पावसाने उघडीप दिली होती, पण आभाळ भरलेलंच. खेत्रपाल परेड ग्राउंड. १९७१ च्या लढाईत परमवीरचक्र मिळालेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल इथलेच कॅडेट. सलामी घ्यायला जनरल व्ही. के. सिंह आले होते, माजी लष्करप्रमुख, आता मिझोरामचे राज्यपाल. आणि या कोर्समध्ये पहिल्यांदाच मुली होत्या, सतरा जणी. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने दार उघडलं, २०२२ ला त्या आत आल्या, आणि आता बाहेर पडत होत्या. आजूबाजूच्या सगळ्या बायका टाचा उंचावून त्यांनाच शोधत होत्या. मीही. सापडेनात. टोपीखाली सगळे सारखे, पाऊल सारखं.

“पोरी कुठल्या हो यातल्या?” मी तात्यांना विचारलं.

“कळत नाहीत ना? मग ड्रिल चांगलं आहे.”

हे त्यांचं त्या सकाळचं सगळ्यात मोठं कौतुक. बाकी वेळ ते चुका काढत होते. तिसऱ्या रांगेत एकाचा हात खांद्यापर्यंत येत नाही, उजवीकडचा वळताना अर्धं पाऊल चोरतो. चाल त्यांना एकंदर संथ वाटली. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांना जगातल्या सगळ्यांची चाल संथ वाटते, लाइट इन्फन्ट्रीचं पाऊलच भराभर पडतं. दाद्या कुठला ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. वहिनी तीन वेगवेगळ्या पोरांकडे बघून रडली.

शेवटी पासआऊट होणारे निरोपाच्या धूनवर अगदी सावकाश, पाय तोलून टाकत समोरून गेले. तेव्हा मात्र तात्यांनी चुका काढल्या नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

नंतर पोरं सुटली. मिठ्या, फोटो, बायकांचे ओरडे, ढोल कुणीतरी आणलेला. भावाला वाटत होतं तात्यांनी आता नातवाला सॅल्यूट करावा, त्याचा व्हिडिओ काढू. असले व्हिडिओ मोबाईलवर फिरतात ना. तात्या त्याच्यावर खेकसले. “सॅल्यूट कसला? कमिशन कुठाय? अजून एक वर्ष देहरादूनची मिलिटरी अकॅडमी आहे. तोवर कॅडेट आहे तो.” दाद्या हसला. “बरोबर आहे, तात्या.” नियमात दोघांचं एकमत.

दुपारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खायला गेलो. निम्मं पुणं तिथेच होतं, पाऊस पुन्हा सुरू. दाद्याची काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव, रिक्षाच्या मागे अर्धी बाहेर. कणसाला लिंबू लावून त्याच्या हातात दिलं तोवर तो बसल्या जागी झोपला होता. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायचा तसा. वहिनीने उठवू दिलं नाही. त्याचं कणीस मी खाल्लं.

परतीच्या एसटीत तात्या खिडकीशी. कात्रजचा बोगदा गेला, शिरवळ गेलं. मला वाटलं डोळा लागला. मग विचारलं, “देहरादूनचं रिझर्वेशन किती दिवस आधी उघडतं?”

“साठ दिवस.”

“म्हणजे पुढच्या एप्रिलात बघायचं.” पिशवीत चाचपून त्यांनी कंदी पेढ्याचा शेवटचा पुडा काढला, एक मला दिला, एक स्वतः घेतला. “आणि तो डबा घेऊ या वेळी,” म्हणाले. “बिस्किटांचा.”