डोंबिवलीची होमलॅब आणि लॅमिंग्टन रोडचा स्विच : जाणाऱ्यांसाठी काही सूचना

‘घरातच छोटीशी लॅब आहे, तासाभरात बघून होईल’ या निरोपावर विसंबून कोणी डोंबिवलीला नेटवर्किंगची होमलॅब (सरावासाठी घरातच मांडलेली नेटवर्कची उपकरणे) बघायला निघणार असेल, तर त्याने पूर्ण दिवस हाताशी ठेवावा आणि कानात घालायला कापूस न्यावा. आम्हाला दाखवलेल्या छायाचित्रांत हिरवे दिवे लुकलुकत होते आणि केबली वेणीसारख्या बांधलेल्या होत्या. त्या खोलीत शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते आणि ऑक्टोबरात तेथे दहा मिनिटांत सदरा पाठीला चिकटतो, हे मात्र छायाचित्रांतून कळले नाही आणि आधी जाऊन आलेल्यांपैकी कोणी सांगण्याची तसदीही घेतली नाही. जायचे तर डिसेंबर-जानेवारीत जावे.

पुण्याहून सिंहगड एक्सप्रेसने कल्याण आणि तेथून लोकलने डोंबिवली, या टप्प्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. घर चौथ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. पुढील मजकूर व्हीलॅन, सबनेट आणि कन्सोल हे नेटवर्किंगमधील शब्द ज्यांना परके नाहीत त्यांच्यासाठी आहे. इतरांनी आधी पॅकेट ट्रेसरवर (संगणकावरच नेटवर्कचा सराव करण्याच्या सॉफ्टवेअरवर) काही महिने घालवावेत, कारण लॅबचे मालक असलेले सर प्राथमिक धडे देत नाहीत आणि तसे तोंडावर सांगतात. नाव कोठेही न लिहिण्याच्या अटीवरच ते दार उघडतात, त्यामुळे ते येथे नाही.

बेडरूममध्ये ४२ यूचा, म्हणजे पुरुषभर उंचीपेक्षा थोडा जास्तच, रॅक उभा आहे. तळाशी यूपीएस आणि बॅटऱ्या, वर सिस्कोचे कॅटॅलिस्ट स्विच (केबलने उपकरणे एकमेकांना जोडणारी खोकी), त्यांच्यावर जुने राउटर, मधोमध एक जुना सर्व्हर, आणि खिडकीच्या ग्रिलला बांधलेला जीपीएसचा अँटेना, ज्याच्यावरून घरातील सगळी उपकरणे आपली घड्याळे लावतात. आमच्यातील बहुतेकांनी दिव्यांची छायाचित्रे काढण्यात पहिला अर्धा तास घालवला, तो फुकट गेला असे माझे मत आहे. पाहण्यासारखी गोष्ट रॅकच्या मागे आहे: प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक, आणि तो क्रमांक कोणत्या पोर्टमधून कोठे जातो याची दोनशे पानी वही, हाताने लिहिलेली आणि खाडाखोडीसह.

स्विचना नावे मध्य रेल्वेची आहेत. कल्याणहून एक केबल कर्जतला जाते आणि एक कसाऱ्याला. शिवाय सरांनी कर्जत आणि कसारा एकमेकांना थेट जोडले आहेत, जे रेल्वेला अजून जमलेले नाही. असा त्रिकोण झाला की फ्रेम (डेटाचे तुकडे) गोल गोल फिरत राहण्याचा धोका असतो, म्हणून स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल त्यातील एक वाट, येथे कसाऱ्याचा कर्जतकडील पोर्ट, अडवून ठेवतो. सरांनी कल्याण-कसारा केबल आमच्यासमोर उपटली. कसाऱ्याला जोडलेल्या लॅपटॉपवरचा पिंग (जोडणी चालू आहे का हे तपासणारी हाक) थांबला आणि तब्बल तीस सेकंद थांबूनच राहिला, कारण अडवलेला पोर्ट आधी पंधरा सेकंद नुसता ऐकतो आणि नंतरचे पंधरा पत्ते शिकण्यात घालवतो. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढलेली ही युक्ती जुन्या कॅटॅलिस्टमध्ये मुळातच चालू असते. नंतर सरांनी तिन्ही स्विचवर याच प्रोटोकॉलचा रॅपिड हा जलद प्रकार चालू केला, पुन्हा केबल उपटली, आणि या वेळी एखादाच पिंग हुकला. हे पुस्तकात दहा वेळा वाचलेले असते. पण ते तीस सेकंद उभ्याने मोजले की ऑफिसात ‘नेट गेले’ म्हणून येणाऱ्या फोनचा अर्थ वेगळाच लागतो. एवढ्या एका प्रयोगासाठी चार मजले चढणे परवडते.

विजेचा प्रश्न कोणी तरी विचारावा, कारण सर तो स्वतःहून काढत नाहीत. सगळे चालू केल्यावर प्लगमधील मीटर चारशे वॉटच्या आसपास होता. म्हणजे चोवीस तास चालू ठेवल्यास महिन्याला २८८ युनिट केवळ या खोलीचे, आणि घराचा उरलेला वापर धरला की बिल महावितरणच्या ३०० युनिटांपुढील महाग टप्प्यात जाते. म्हणूनच जुने राउटर एरवी बंद असतात आणि रोजचा अभ्यास सर्व्हरवरील ईव्ह-एनजी (EVE-NG) या आभासी नेटवर्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतो. प्रत्यक्ष खोकी घेण्याचा मोह होणाऱ्यांनी मालकच ती बंद ठेवतो हे ध्यानात घ्यावे.

मोह तरीही झालाच. दादरला गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो, आणि या दिवसाचा सगळा मनस्ताप तेथेच आहे. आमच्यातील एकाला कॅटॅलिस्ट ३७५० हवा होता. दुकानदाराने साडेचार हजार सांगितले आणि ‘गिगाबिट आहे’ असे दोनदा म्हटले. चालू करून दाखवा म्हटल्यावर उत्तर मिळाले की लाइट नाही. त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता. पैसे दिल्यानंतर पॉवर कॉर्डचे अडीचशे, कन्सोल केबलचे (स्विचची मांडणी करायला लॅपटॉप जोडण्याच्या) चारशे आणि रॅकला बसवण्याच्या पट्ट्यांचे तीनशे वेगळे निघाले. घरी आल्यावर ‘शो व्हर्जन’ या आज्ञेने मॉडेल सांगितले ते ३७५०-२४टीएस : चोवीस पोर्ट शंभर मेगाबिटचे, आणि केवळ दोन एसएफपी खाचा (वेगळे मॉड्यूल बसवण्याच्या) गिगाबिटच्या. दुकानदार अर्धे खरे बोलला होता, आणि बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे छापलेलेच होते.

सगळे पोर्ट गिगाबिटचे हवे असतील तर आकड्यानंतर इंग्रजी जी अक्षर असलेला ३७५०जी मागावा, आणि मॉडेल मागच्या स्टिकरवर स्वतः वाचावे. १८४१ राउटर कोणी कितीही स्वस्त देऊ केला तरी घेऊ नये. त्याचे दोन्ही पोर्ट शंभर मेगाबिटचेच आहेत. केबलचे बंडल घेताना तार ब्लेडने खरवडावी: आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, मग खोक्यावर कॅट-सिक्स छापलेले असो वा आणखी काही. लॅपटॉप आणि यूएसबी कन्सोल केबल सोबत न्यावी, ९६०० बॉडला (कन्सोलच्या वेगाला) जोडून स्विच पूर्ण बूट होईपर्यंत दुकानात उभे राहावे, आणि लाइट नसेल तर शेजारच्या दुकानात जावे. बाजार रविवारी बंद असतो, आणि लॅब व बाजार एकाच दिवशी करू नये, कारण संध्याकाळी पाच वाजता दमलेला माणूस घासाघीस करत नाही.