काकांचे जुलाब आणि कंबरेची गोळी

इंदूरला रामबागेच्या बाजूला आमचं मेडिकल आहे, बाबांच्या काळापासूनचं. मी फार्मसी करून काउंटर सांभाळते, त्यामुळे आजूबाजूच्या मराठी घरांत कोण कशावर कुठली गोळी घेतं ते मला जवळजवळ पाठच आहे. ही गोष्ट काकांना विचारूनच लिहितेय, नाव मात्र लिहीत नाही.

सकाळी शटर वर करतेय तोच काकू आल्या, म्हणाल्या अगं काकांना जुलाब लागलेत, ओआरएस दे आणि ती थांबायची गोळी दे, आणि हो सर्दीची पण दे, नाक नुसतं गळतंय, डोळ्यातून पाणी, अंगावर काटा येतोय, रात्रभर डोळा नाही आणि जांभया तर अशा की बघवत नाहीत. मी लोपेरामाइडच्या ड्रॉवरला हात घातला होता, तो जांभया ऐकून तिथेच थांबला. पोट बिघडलेला माणूस गळून पडतो हो, पण झोप लागत नाही आणि जांभया थांबत नाहीत, वर नाक गळणं आणि काटा, हे सगळं एकत्र मी फक्त पुस्तकात वाचलं होतं.

विचारलं, काकू, काकांची कंबरेची गोळी चालू आहे ना? म्हणाल्या, छे, मुलगा पुण्याहून आलाय ना, त्याने वाचलं की ही नशेची गोळी आहे, सगळ्या स्ट्रिपा उचलून कचरागाडीत टाकल्या, आज तिसरा दिवस.

ती गोळी म्हणजे ट्रामाडॉल, 37.5 मिलिग्रॅम, सोबत 325 पॅरासिटामॉल. काका वीज मंडळातून रिटायर झालेले, कंबर वाकवता येईना म्हणून एका डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिली होती, आणि मग ते थोडे दिवस संपलेच नाहीत. पर्ची दर वेळी नवी, नियमात बसणारी. हे औषध शेड्यूल एच-1 मधलं, म्हणजे पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते 3 वर्षं जपायचं, आणि 2018 पासून तर ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलंय. रजिस्टर काढून बघितलं तर दिसतंच, दिवसाला दोन, मग चार, मग सहा. शरीर सरावतं, तेवढ्याच डोसने तेवढं उतरत नाही, म्हणून डोस वाढतो. यात पेशंटचा लोभ किंवा कमजोरी काही नसते, हे मला अगदी मनापासून सांगायचंय, कारण घरची माणसं नेमकं तेच धरून बसतात.

दुपारी बाबांना बसवून घरी गेले. काका पलंगावर, पाय सारखे हलवतायत, आणि माझ्यावर भडकलेच. नोकरीची बरीच वर्षं मंदसौरला काढलेली, अफूची शेतं त्यांनी रोज बघितलीयत, डोडे चिरून चीक काढणारे लोक बघितलेत आणि अफूपायी वाया गेलेलेही. म्हणाले, मी काय अफीमची आहे का? मी म्हटलं, नाही काका, अफीमची माणूस गुंगीसाठी शोधत फिरतो, तुम्ही डॉक्टरने लिहिलेली गोळी वेळेवर घेतलीत. पण शरीराला हा फरक कळत नाही. ट्रामाडॉल कारखान्यात बनतं, अफूच्या चिकातून नाही, तरी मेंदूत ते जिथे जाऊन बसतं ती जागा अफूतल्या मॉर्फिनचीच. रोज मिळणारी गोष्ट एकदम बंद झाली की आतडी, नाक, झोप सगळं उलटं फिरतं.

मुलगा हुशार आहे, वाचलेलं खोटं नव्हतंच, फक्त अर्धं होतं. सोडायचं हे बरोबर, पण असं झटक्यात नाही.

मला जास्त भीती वाटली ती उशाशी ठेवलेली अल्प्राझोलाम बघून. ती दुसऱ्या डॉक्टरांनी झोपेसाठी दिलेली, तिसऱ्याच दुकानातून आणलेली, आणि काकू दोन रात्री एक जास्तीची देत होत्या. ट्रामाडॉल आणि ही, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतात, म्हाताऱ्या माणसाला तर जास्तच, शिवाय रात्री उठताना पडायचं वेगळं. आता कंबर परत दुखली म्हणून कोणी शेजारून सहा गोळ्या मागून आणून दिल्या असत्या तर? तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, दोन्ही औषधं, डोस, बंद केल्याचा दिवस, सगळं सांगितलं. त्यांनी संध्याकाळी बोलावलं, तपासलं, कमी डोसवर परत सुरू करून हळूहळू उतरवायचं ठरवलं, आणि झोपेची गोळीसुद्धा एकदम तोडायची नाही असं बजावलं, कारण ती अचानक सोडल्यानेही झटके येऊ शकतात.

काकूंचा प्रश्न मात्र खरा होता. गोळी काम करत नव्हती म्हणता, मग बंद केल्यावर कंबर इतकी का ठणकली? मी म्हटलं, काकू, त्यातलं बरंचसं दुखणं गोळी सुटल्याचं असतं, अंग ठणकणं हे त्यातलंच एक लक्षण. आणि माणूस समजतो कंबर बिघडली, परत गोळी घेतो, बरं वाटतं, आणि खात्री पटते की हिच्याशिवाय जमणार नाही. बरेचजण इथेच अडकतात. 2018 मध्ये अमेरिकेत 240 लोकांवर वर्षभर अभ्यास झाला, जुनी कंबरदुखी, गुडघे, खुबे असलेले लोक, ओपिऑइड, म्हणजे ट्रामाडॉल-मॉर्फिनच्या जातीची औषधं, घेणाऱ्यांचं हिंडणं-फिरणं साध्या औषधवाल्यांपेक्षा काही जास्त सुधारलं नाही. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियात नुकत्याच दुखायला लागलेल्या कंबर-मानेवर बघितलं, 347 लोक, सहा आठवड्यांनी ओपिऑइडचा खोट्या गोळीइतकाच गुण.

पण हे वाचून कोणी घरातल्या कॅन्सरच्या पेशंटचं मॉर्फिन बंद करू नका, प्लीज, तिथे ते हवंच असतं. आणि कंबर दुखताना लघवी अडली किंवा मांड्यांच्या मधे बधिर झालं तर मेडिकलवर येऊच नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

काका आता दिवसाला दीड गोळीवर आलेत. मधे एकदा कमी करणं महिनाभर थांबवावं लागलं कारण परत पाय हलायला लागले. फिजिओकडे जातात, सकाळी चालतात, कुरकुर करत का होईना. परवा पर्ची घेऊन आले, रजिस्टरमध्ये सही केली आणि म्हणाले, कंबर दुखते गं अजून, पण सहावर होतो तेव्हा जेवढी दुखायची तेवढीच.