दादांशी बोललो, असं ते म्हणाले होते

त्यांना तात्या म्हणूया. वय 48. सांगलीपासून तासाभरावरच्या एका बाजारपेठेत दोघा भावांचं हार्डवेअरचं दुकान. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि हे लिहायला त्यांनी स्वतः परवानगी दिली आहे.

मी थेरपिस्ट, बोलण्यातून उपचार करणारी. माझ्याकडे त्यांना मनोविकारतज्ज्ञांनी पाठवलं होतं. पहाटे तीनला जाग यायची, ती परत झोप लागायचीच नाही. जेवणावरची वासना उडालेली, वजन उतरलेलं, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलणंसुद्धा जिवावर यायचं. गोळ्या सुरू होत्या. जीव द्यावासा वाटतो का, असं विचारल्यावर म्हणाले, "झोपेत गेलो तर सुटलो असं वाटतं. पण स्वतःहून काय करणार नाही." हा प्रश्न मी पुढे प्रत्येक भेटीत विचारत राहिले. नैराश्याच्या प्रश्नावलीत 27 पैकी 19 गुण आले होते. म्हणजे बऱ्यापैकी जड.

वडील गेले तेव्हा तात्या 11 वर्षांचे, थोरले दादा 19 चे. दादांनी कॉलेज सोडलं आणि ते गल्ल्यावर बसले. तात्यांचं शिक्षण, दोन बहिणींची लग्नं, तात्यांचं लग्न, सगळं दादांनी केलं. तात्याही शाळा सुटली की दुकानात असायचे. कुठल्या खणात कुठल्या मापाचा बोल्ट आहे हे डोळे मिटून सांगतील, इतकं दुकान त्यांच्या हातात बसलेलं. मग दादांचा मुलगा इंजिनिअर होऊन परत आला. बिलिंग कॉम्प्युटरवर गेलं, चेकवरची सही पुतण्याकडे गेली आणि तात्या मागच्या गोडाऊनला. घरखर्चाचे पैसे दर महिन्याला दादांकडे मागून घ्यायचे, तेही काउंटरसमोर उभं राहून, दुकानातली पोरं ऐकत असताना. मुलगी पुण्यात शिकते. तिच्या हॉस्टेलची फी मागायला गेले तेव्हा दादा म्हणाले, "बघू." त्या रात्रीपासून झोप गेली.

इंटरपर्सनल सायकोथेरपीत, म्हणजे आम्ही जिला आयपीटी म्हणतो तिच्यात, सुरुवातीच्या भेटींत माणसाच्या सगळ्या नात्यांची नोंद घेतली जाते. कोण जवळचं, कोणाशी बोलणं थांबलंय, कोणाकडून काय हवंय आणि ते का मिळत नाही. जेराल्ड क्लेरमन आणि मिर्ना वाइसमन यांनी ही पद्धत अमेरिकेत विकसित केली, तिचं पुस्तक 1984 साली आलं. आजार नात्यांमुळेच होतो असा तिचा दावा नाही. नैराश्याला कारणं अनेक असतील, पण ते सुरू होतं किंवा वाढतं तेव्हा आसपासच्या नात्यांत बहुधा काहीतरी हललेलं असतं. जवळचं माणूस गेलेलं असतं, कोणाशी तंटा असतो, आयुष्यातली भूमिका बदललेली असते, नाहीतर माणूस मुळातच एकटा पडलेला असतो. या चारांपैकी एखादा, फार तर दोन विषय निवडायचे आणि 12 ते 16 भेटींत त्यावरच काम करायचं. तात्यांच्या बाबतीत विषय उघड होता, भावाभावांतला तंटा. तोही गोठलेला. कोणी आवाज चढवत नव्हतं, कोणी विषय काढत नव्हतं.

खोलीत तात्या म्हणजे आदर्श पेशंट. वेळेच्या आधी हजर. खिशातल्या छोट्या डायरीत माझं बोलणं लिहून घ्यायचे. काहीही सुचवलं की "तुम्ही सांगाल तसं, मॅडम." भेट संपली की उठताना आवर्जून म्हणायचे, "तुम्हाला त्रास देतो मी." दादांशी काय बोलायचं, कधी बोलायचं याची आम्ही बरीच तयारी केली. मग एका भेटीत म्हणाले, "बोललो दादांशी. ऐकून घेतलं त्यांनी." मी विचारलं, कुठे बोललात, आधी तुम्ही काय म्हणालात, त्यावर ते काय म्हणाले? आयपीटीत झालेला संवाद असा शब्दाशब्दाने उलगडून बघतात. तात्यांच्या उत्तरांत शब्दच नव्हते. "असंच, साधारण." मी ते तिथेच ठेवलं.

आणि मग नवव्या भेटीचा दिवस.

हातात पिशवी घेऊन आले. किलोभर बेदाणे. टेबलावर ठेवले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, आता बरं वाटतंय. लई उपकार झाले तुमचे. आता थांबूया म्हणतो."

मी बसायला सांगितलं आणि प्रश्नावली भरून घेतली. 18. चेहराही तोच, डोळ्यांखालची काळी वर्तुळंही तीच. गोडाऊनच्या किल्ल्यांचा जुडगा ते बोटांत फिरवत होते, थांबवत होते, परत फिरवत होते.

इथे आमच्या कामातला एक पेच सांगायला हवा. पुस्तकाप्रमाणे आयपीटीत थेरपिस्ट आणि पेशंट यांच्या नात्याची चिरफाड करत नाहीत. 'तुम्ही माझ्यात तुमचा भाऊ बघताय' असली वाक्यं मनोविश्लेषणातली. आयपीटीचा थेरपिस्ट उघडपणे पेशंटच्या बाजूने उभा असतो, उमेद देतो आणि लक्ष खोलीबाहेरच्या नात्यांवर ठेवतो. मला हे पटतं. मुळात खचलेल्या माणसाला आणखी एक कोडं कशाला घालायचं? पण हे नातंच तुटायला आलेलं असेल तर त्याबद्दल बोलावंच लागतं, आणि तात्या तर दाराकडे निघाले होते. शिवाय ही रीत माझ्या ओळखीची होती. ज्याचे उपकार आहेत त्याला नाराज करायचं नाही, त्याला हवं ते सांगायचं आणि आपण बाजूला व्हायचं. दादांशी ते असंच वागत होते. आता माझ्याशी.

मी म्हटलं, "तात्या, एक विचारू? मला बरं वाटावं म्हणून तुम्ही बरं वाटतंय असं सांगताय का?"

किल्ल्या थांबल्या. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

"मॅडम, मी दादांशी बोललोच नाही."

"बरं."

"तुम्ही एवढ्या जीव तोडून सांगता. मी डायरीत लिहितो. घरी जातो आणि काय करत नाही. परत कुठल्या तोंडानं यायचं?"

"आणि हे मला सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"तुम्ही काय बोलला नसता. पण तुमच्या मनातून उतरलो असतो."

इतकं बोलल्यावर त्यांचा आवाज बदलला. आजवर मी तो ऐकलाच नव्हता. "आणि खरं सांगू का? राग पण आला होता तुमचा. बोला, बोला म्हणता. तुमचं काय जातंय? मी बोललो, आणि दादा म्हणाले, घे तुझा वाटा आणि नीघ, तर मी कुठं जाऊ? त्या माणसानं माझ्यासाठी शिक्षण सोडलंय. तुम्हाला आमचं घर काय माहीत?"

बोलले आणि पांढरे पडले. खुर्चीतून अर्धे उठले. "चुकलं मॅडम. जरा जास्तच बोललो."

"नाही. बसा. मला हे ऐकायचंच आहे. पुढं सांगा."

ते बसले, पण नजर माझ्या चेहऱ्यावरच. आता काय येणार, याची ते वाट बघत होते. त्या नजरेत दुकानाच्या काउंटरसमोरची सगळी वर्षं होती. मी काही समजावलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. त्यांनी जे म्हटलं ते त्यांच्याच शब्दांत परत म्हटलं: दादांशी बोलण्यात घर जायचा धोका आहे, आणि तो धोका तुमचा आहे, माझा नाही. त्यांनी मान हलवली. मग सावकाश सगळं बाहेर आलं. वाटण्या झालेल्या एका चुलत घराण्यात वीस वर्षं एकमेकांच्या दारात पाऊल नाही. दादांना रक्तदाब आहे. वहिनींनी तात्यांच्या मुलीला अंगाखांद्यावर वाढवलंय. यातलं काहीच त्यांनी तोवर सांगितलं नव्हतं, कारण मला विरोध केल्यासारखं झालं असतं.

मग मी म्हटलं, "आता आपल्या दोघांत जे झालं ते एकदा उलगडून बघू. दादांचं नंतर." आणि जो अभ्यास दादांसोबतच्या संवादाचा व्हायचा होता तो आम्ही आमच्याच पाच मिनिटांचा केला. आधी तुम्ही काय म्हणालात? तेव्हा पोटात काय होत होतं? मी काय म्हणेन असं वाटलं? प्रत्यक्षात मी काय म्हणाले? शेवटी मी विचारलं, "तुम्ही चिडून बोललात तेव्हा मला काय वाटलं असेल?"

"वाईट."

"क्षणभर दचकले. मग हलकं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुम्हाला कशाची भीती आहे हे मला कळलं. आता आपल्याला नीट काम करता येईल."

तात्या बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी तुमच्यावर चिडलो, आणि तुम्ही अजून इथंच आहात." हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलेलं नव्हतं. स्वतःशीच पडताळून बघत होते.

थेरपिस्ट बाहेर उभा राहून बघणारा नसतो, जे चाललंय त्यात तोही एक पात्र असतो, असं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी फार पूर्वी मांडलं. आयपीटीचं एक मूळ त्यांच्या विचारात आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये थेरपिस्ट आणि पेशंट यांच्या नात्याचे तीन धागे सांगितले: ध्येयावर एकमत, कोणती कामं करायची यावर एकमत आणि दोघांतला जिव्हाळा. तात्यांच्या आणि माझ्यात जिव्हाळा होता. कामांवरचं एकमत मात्र फक्त डायरीत होतं. त्या दिवशी ते खरं होऊ लागलं, कारण असहमती बोलता आली.

अमेरिकेत नैराश्यावरच्या उपचारांची एक मोठी चाचणी झाली होती. 250 रुग्ण, काहींना आयपीटी, काहींना सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी), काहींना इमिप्रामिन हे औषध, काहींना औषधासारखी दिसणारी नुसती गोळी. पुढे 1996 मध्ये जॅनिस क्रुपनिक आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या भेटींच्या चित्रफिती तपासून उपचारातल्या नात्याकडे बघितलं. ते नातं जितकं घट्ट तितका फरक चांगला, आणि हे औषध किंवा नुसती गोळी घेणाऱ्यांमध्येही. माझ्या मनात कायम राहिलेला तपशील पुढचा आहे. नात्यात रुग्ण स्वतः किती उतरतो याचा संबंध बरं होण्याशी दिसला, थेरपिस्टच्या वाट्याचा तसा दिसला नाही. मी ते असं वाचते: माझा चांगुलपणा ही किमान अट आहे. खरा फरक पडतो तो समोरचा माणूस स्वतःला घेऊन खोलीत येतो तेव्हा, आणि त्याला तसं येता येईल एवढी जागा करणं हे माझं काम.

पण खोलीत झालेलं खोलीतच राहिलं तर आयपीटीच्या हिशोबात ते अपुरं. मी तात्यांची थेरपिस्ट आहे, शांत राहणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. दादांवर तसं बंधन नाही. म्हणून पुढच्या भेटींत आम्ही आखणीच बदलली. सगळं एकदम बोलायचं नाही. आधी वहिनींशी. आणि दादांकडे एकच मागणी: घरखर्चाची ठरलेली रक्कम दर एक तारखेला बँकेच्या खात्यावर. सहीचा विषय आता काढायचा नाही. हा निर्णय तात्यांचा. मी सहीबद्दलही विचारावं असं सुचवलं होतं, त्यांनी नको म्हणून सांगितलं आणि कारणही दिलं.

सराव करताना मी तात्या झाले, ते दादा झाले. मी पैशांचं बोलले, तर दादांच्या आवाजात ते कडाडले, "कॉलेज सोडलं ते काय तुझ्याकडून हिशोब ऐकायला?" आणि तिथेच थांबले. नंतर म्हणाले, "दादांना पण भीती असंल का वो? आपल्याला आता कोण विचारणार नाही म्हणून?" यावर मी उत्तर दिलं नाही. मला ते माहीत नव्हतं, आणि त्यांनाही ते दादांकडूनच कळणार होतं.

एका रविवारी दुकान बंद असताना, दादा गोडाऊनमध्ये पाइपांची मोजदाद करत होते तेव्हा तात्या बोलले. या वेळी माझ्यासमोर शब्दन् शब्द आला. दादा म्हणाले, "आता माझ्याकडं मागायची लाज वाटते तुला?" तात्या म्हणाले, "पोरांसमोर वाटते, दादा." दादा काही न बोलता घरी निघून गेले. चार दिवस अबोला. त्या चार दिवसांत तात्यांनी मला फोन केला नाही, पण रात्री झोपले, असं बायकोने सांगितलं. एक तारखेला खात्यावर पैसे आले. मागितले होते त्यापेक्षा कमी. त्यावर दोघांत अजून चकार शब्द झालेला नाही. सही पुतण्याकडेच आहे आणि त्याचा सल तात्यांना आहे. फरक इतकाच की सल आहे असं ते म्हणतात.

सोळाव्या भेटीत प्रश्नावलीत 7 गुण होते. पहाटेची जाग गेली होती, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने अजून सुरू आहेत. आयपीटीत शेवटही उघडपणे बोलून करतात, निरोपाच्या दुःखाची आजाराशी गल्लत होऊ नये म्हणून. आजार परत डोकं वर काढू लागला तर आधी काय दिसेल, याची यादी त्यांनी स्वतः केली. पहिलं लिहिलं: सगळ्यांना 'हो' म्हणायला लागणं. झोप दुसऱ्या क्रमांकावर.

पुढे महिन्यातून एकदा भेटत राहावं असं मी म्हटलं. पहिल्या वर्षात आजार उलटण्याची शक्यता असते, हेही सांगितलं. तात्या म्हणाले, "दर महिन्याला नको मॅडम. जाऊन-येऊन दिवस मोडतो आणि महिनाअखेर स्टॉक असतो. दोन महिन्यांनी येतो. मधी काय वाटलं तर फोन करतो." मला महिन्याचं अंतर जास्त सुरक्षित वाटतं, असं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि दोन महिन्यांनंतरचीच तारीख लिहायला लावली.