प्रबंधातील संदर्भ: माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू कापसावरील गुलाबी बोंडअळी हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. साहित्य आढाव्याचे प्रकरण लिहायला घेतले, तेव्हा विभागात बहुतेकांचे लक्ष टक्क्यांकडे होते, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास संशोधकाची नोंदणीच रद्द होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मात्र टिपणापासूनच शिस्त लावली. प्रत्येक नोंदीसमोर लेखक, वर्ष व पृष्ठक्रमांक लिहायचा, मूळ शब्द उतरवले असतील तर तिथेच अवतरणचिन्हे घालायची, आणि नंतर लेख मिटवून समजले ते आपल्या वाक्यांत मांडायचे. चार शब्द बदलून वाक्याची बांधणी तशीच ठेवली, तर संदर्भ देऊनही ती उचलेगिरीच ठरते.

सर्वाधिक वेळ मूळ लेखांपर्यंत पोहोचण्यात गेला. या अळीचे पहिले शास्त्रीय वर्णन कीटकशास्त्रज्ञ साँडर्स यांनी केले; त्याचे वर्ष काही शोधनिबंधांत १८४३, तर काहींत १८४४ दिलेले आढळते, आणि मूळ न पाहता आकडा पुढे नेणाऱ्याला हा फरक कळतही नाही. म्हणून जो लेख मिळाला नाही, तिथे ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असे लिहून प्रत्यक्ष वाचलेल्या लेखाचाच संदर्भ दिला. मराठी कृषी पुस्तिकांतील माहिती इंग्रजीत नेताना हीच काळजी घेतली. संगणकाला ते साम्य दिसले नाही, तरी ते श्रम पुस्तिका लिहिणाऱ्याचेच असतात.

शेतकऱ्यांकडून कळलेल्या गोष्टींचे काय करायचे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. फरदड (हंगाम संपल्यावरही राखून ठेवलेला कापूस) घेतलेल्या शेताजवळ पुढच्या हंगामात डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुले) लवकर दिसतात, हे एका काकांनी बांधावर सांगितले होते आणि त्यावरूनच मी कामगंध सापळ्यांच्या (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांच्या) जागा ठरवल्या. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) असे बोलणे संदर्भसूचीत येत नाही, कारण वाचकाला ते मिळवून तपासता येत नाही. मजकुरात मात्र नाव, ‘वैयक्तिक संवाद’ आणि तारीख द्यावी लागते. काकांची संमती घेण्यासाठी तो परिच्छेद मी त्यांना मराठीत वाचून दाखवला, तेव्हा हे निरीक्षण मुळात आपल्या धाकट्या भावाचे असल्याचे त्यांनी सांगितले. मी भावाला भेटले, सगळे पुन्हा विचारून घेतले, आणि प्रबंधात नोंद त्यांच्या नावाने केली.