कोलकाता डर्बी: नायक एकच, जर्सी दोन्ही

३० सप्टेंबर १९७५. आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेची अंतिम लढत, मोहन बागानचं मैदान, ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. पाचव्याच मिनिटाला सुरजित सेनगुप्ताचा गोल, मग श्याम थापाचे दोन, रणजित मुखर्जीचा एक आणि शेवटचा शुभंकर सान्यालचा. ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या गोटातला कुठलाही जुना चाहता ही पाच नावं एका दमात म्हणून दाखवतो. बागानच्या गोलमध्ये कोण होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. चार गोल खाल्ल्यावर ज्याला बाहेर काढून प्रशांत मित्राला उतरवलं गेलं, तो कोवळा गोलरक्षक म्हणजे भास्कर गांगुली. त्या दिवशी त्याची कारकीर्द संपली असंच कुणीही म्हटलं असतं. पुढे हाच भास्कर ईस्ट बंगालकडे गेला, तिथल्या चाहत्यांचा लाडका झाला आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताचा कर्णधार म्हणून उतरला.

कोलकात्याच्या डर्बीच्या, म्हणजे या दोन क्लबांमधल्या लढतींच्या, आठवणी नीट समजून घ्यायच्या तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. चाहते घराण्याने ठरतात. पूर्व बंगालातून आलेल्यांचं घर ईस्ट बंगालचं, मूळच्या पश्चिम बंगालवाल्यांचं मोहन बागानचं. ईस्ट बंगाल जिंकलं की हिलशा माशाचे भाव चढतात, बागान जिंकलं की कोळंबीचे. खेळाडू मात्र दोन्हीकडे नांदले. मोठमोठ्या विजयांतले बहुतेक नायक कधी ना कधी समोरच्या जर्सीत खेळले आहेत. म्हणून आठवण सांगताना नुसतं नाव पुरत नाही, सालही सांगावं लागतं.

१९७५ च्या त्या संघाचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी. ईस्ट बंगालने १९७० ते ७५ सलग सहा वेळा कलकत्ता लीग जिंकली, त्यातली शेवटची चार वर्षं त्यांची. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये ते जे बोलत, त्याला तिथे 'व्होकल टॉनिक' म्हणत. १९७६ ला पीके थेट बागानमध्ये गेले, आणि त्याच हंगामात लीगच्या डर्बीत उलगनाथनच्या क्रॉसवर मोहम्मद अकबरने सतराव्या सेकंदाला गोल केला. डर्बीतला हा सर्वांत जलद गोल, आणि सामना १-० असाच संपला. अकबर आणि त्याचा भाऊ हबीब या हैदराबादी जोडीने याआधी ईस्ट बंगालकडून मैदानं गाजवली होती. इतक्या लवकरचे गोल नशिबाने होतात असं म्हणतात, मला ते पटत नाही. किक-ऑफनंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात बचावफळीची आपापसांतली अंतरं जुळलेली नसतात, कोणी कोणाला धरायचं हे बोलून झालेलं असतं पण पायांत उतरलेलं नसतं. तेवढ्यात चेंडू बाजूला जाऊन क्रॉस आला, तर मधला बचावपटू चेंडूकडे बघतो आणि माणूस सुटतो.

श्याम थापाचंही तेच. १९७५ ला ईस्ट बंगालकडून दोन गोल करणारा हा गडी १९७७ मध्ये बागानच्या हिरव्या-मरून जर्सीत होता. २४ सप्टेंबर १९७७ ला ईडन गार्डन्सवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबशी २-२ बरोबरी झाली, तेव्हा बागानचा एक गोल हबीबचा आणि दुसरा याचाच. आणि १९७८ च्या लीगमध्ये त्याने ईस्ट बंगालविरुद्ध मारलेली बायसिकल किक आजही डर्बीतला सगळ्यात देखणा गोल म्हणून सांगितली जाते. ती किक अवघड का, ते समजलं की त्या गोलाची किंमत कळते. पाठ गोलकडे, चेंडू छातीच्या वर. आधी दुसराच पाय वर झटकायचा, त्या झटक्याने अंग हवेत आडवं होतं, मग पायांची कात्री करून मारायचा पाय वर आणायचा आणि दुसरा खाली घ्यायचा. बूट चेंडूच्या वरच्या भागाला लागला नाही तर तो गोलच्या डोक्यावरून जातो. उडी अर्ध्या क्षणाने उशिरा झाली तर नडगीला लागतो. समोरचा बचावपटू फार जवळ असेल तर पंच धोकादायक खेळ म्हणून शिट्टी वाजवतो. पडताना हात आणि खांदे आधी टेकवायचे, नाहीतर मानेवर आपटतो. हे सगळं भर डर्बीत करायला हिंमत लागते.

खेळाडू असे इकडून तिकडे कसे जात? करार बहुतेक एकेका हंगामाचे असत. बदलीच्या काळात खेळाडूने आयएफएच्या, म्हणजे बंगालच्या फुटबॉल संघटनेच्या, कचेरीत स्वतः हजर राहून सही करायची. सही होईपर्यंत काहीच पक्कं नाही. म्हणून क्लबचे कार्यकर्ते हव्या त्या खेळाडूला आधीच उचलून कुठेतरी लपवून ठेवत आणि सहीच्या वेळी गर्दीतून वाट काढत नेत. ईस्ट बंगालचे जीवन चक्रवर्ती आणि पल्टू दास या कामात वाकबगार म्हणून प्रसिद्ध होते. 'जीवन-पल्टू' असं जोडनावच पडलं होतं त्यांचं. १९८५ ला कृशानू डे आणि विकास पांजी ही जोडी बागानमधून ईस्ट बंगालमध्ये आली. कृशानूच्या डाव्या पायातला चेंडू कोणाला दिसायच्या आधी विकासला दिसायचा. त्या दोघांना वेगळं करून घेण्यात अर्थच नव्हता. पुढे कृशानू परत बागानमध्ये गेला, आणि आज दोन्हीकडचे लोक त्याला आपला म्हणतात. कोल्हापूरकरांना यातला चटका वेगळा समजावून सांगायला नको. आपल्या पेठेचं पोर दुसऱ्या तालमीच्या जर्सीत शाहू स्टेडियमवर उतरलं की काय होतं, ते त्यांना ठाऊक आहे.

सगळ्याच आठवणी विजयाच्या नाहीत. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवरच्या लीग डर्बीत बागानचा विदेश बोस आणि ईस्ट बंगालचा दिलीप पालित यांना बाहेर काढल्यावर गॅलरीत मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक गेले. दोन्ही क्लबांचे लोक एकाच गॅलरीत मिसळून बसले होते, हे त्याचं मोठं कारण. आज गॅलऱ्या आणि प्रवेशद्वारं वेगळी असतात त्यामागे हा दिवस आहे. दरवर्षी १६ ऑगस्टला त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान होतं.

आता १९९७. १३ जुलै, फेडरेशन कपची उपांत्य फेरी, सॉल्ट लेक स्टेडियम, प्रेक्षक १,३१,७८१. हा आकडा आता मोडणं शक्य नाही, कारण २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी नूतनीकरण झालं तेव्हा खुर्च्या बसवल्या गेल्या आणि क्षमता सुमारे ८५ हजारांवर आली. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त, ईस्ट बंगालचे पुन्हा पीके. दत्तांच्या 'डायमंड' रचनेने त्या मोसमात धुमाकूळ घातला होता. उपांत्यपूर्व फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला ६-० ने उडवलं होतं. सामन्याआधी दत्तांनी ईस्ट बंगालच्या भायचुंग भुतियाला 'चुंगचुंग' म्हणून हिणवलं, आणि ते वर्तमानपत्रांत छापून आलं.

डायमंडचं मर्म असं: मधली फळी हिऱ्याच्या आकारात उभी करायची. एक बचावफळीच्या पुढे, दोन बाजूंना पण आतल्या अंगाला, एक आघाडीवीरांच्या मागे. मध्यावर आपली माणसं नेहमी जास्त, त्यामुळे चेंडू आपल्याकडेच राहतो आणि दुबळा संघ गुदमरतो. किंमत मोजावी लागते ती कडेला. रुंदी द्यायला बाजूचे बचावपटू वर धावतात, आणि वर असताना चेंडू गेला तर त्यांच्या मागे तीस-चाळीस मीटर मोकळं रान. समोर भायचुंगसारखा वेगवान, धाव कधी सुरू करायची याचं अचूक भान असलेला आघाडीवीर असला की ते रान त्याचंच. त्या दिवशी नझीमुल हकने ईस्ट बंगालला आघाडी दिली, भायचुंगने ती वाढवली, चिमा ओकोरीने बागानचा एक फेडला. एक गोल कमी पडतोय म्हटल्यावर बागान आणखी वर चढलं, आणि भायचुंगने आणखी दोन मारून हॅटट्रिक पुरी केली. ४-१. माझ्या मते या सामन्यात डायमंडपेक्षा पिछाडीवर असतानाही त्याच जोमाने वर जाण्याचा निर्णय जास्त चुकला. रचना तीच ठेवून एका बाजूच्या बचावपटूला मागे थांबवलं असतं, तर चार झाले नसते.

आणि इथेही तेच. बागानचा एकमेव गोल करणारा चिमा १९८७ पासून ईस्ट बंगालकडे खेळलेला, १९९१ मध्ये बागानमध्ये आलेला पहिला परदेशी खेळाडू. हॅटट्रिकवाला भायचुंग पुढे दोनदा बागानच्या जर्सीत दिसला. त्याच्या नावावर डर्बीचे १९ गोल धरतात, ते दोन्ही जर्सींचे मिळून. गोवेकरांनी एक मात्र अभिमानाने सांगावं: एवढ्या गाजलेल्या विजयानंतर ईस्ट बंगालला तो कप मिळाला नाही. अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकर क्लबने त्यांना २-१ ने हरवलं, तेही कोलकात्यात.

१९७५ चे पाच गोल बागानवाल्यांच्या उरावर चौतीस वर्षं होते. २५ ऑक्टोबर २००९ ला आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये बागान ५-३ ने जिंकलं, त्यात नायजेरियाच्या चिडी एडेचे चार आणि मनीष मैठाणीचा एक. तीन गोल खाल्ले तरी पाच मारले, याचंच समाधान मोठं. प्रशिक्षक होते मोरोक्कोचे करीम बेंचरिफा. पुढच्या हंगामात हेच करीम साळगावकरमध्ये होते आणि २०१०-११ ची आय-लीग गोव्यात आली. चिडीही पुढे साळगावकरमध्ये गेला. तिथून चिडी गेला कुठे? ईस्ट बंगालमध्ये.

गोव्याशी नातं कोविडच्या काळात आणखी घट्ट झालं. इंडियन सुपर लीगचे, म्हणजे आयएसएलचे, सगळे सामने गोव्यातच झाले, त्यामुळे आयएसएलमधली पहिली डर्बी २७ नोव्हेंबर २०२० ला वास्कोच्या टिळक मैदानावर, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर झाली. बागान २-०. बरोबर वर्षाने त्याच मैदानावर ३-०, तेही पहिल्या २३ मिनिटांत: रॉय कृष्णा, मनवीर सिंग आणि आपला गोवेकर लिस्टन कुलासो. २९ जानेवारी २०२२ ला फातोर्ड्यात ईस्ट बंगालने आधी गोल केला, मग बागानने २१ वर्षांच्या कियान नासिरीला बदली म्हणून उतरवलं. त्याने हॅटट्रिक केली, शेवटचे दोन गोल भरपाईच्या वेळेत. ३-१. कियानचे वडील जमशीद नासिरी, १९८० मध्ये मजीद बिश्कारबरोबर संघात आलेले ईस्ट बंगालचे लाडके इराणी आघाडीवीर. ज्यांनी जमशीदसाठी घसा फोडला, त्यांच्या संघाला जमशीदच्या मुलाने तीन गोल मारले.

ईस्ट बंगालची ती वाईट वर्षं १२ ऑगस्ट २०२३ ला संपली. ड्युरंड कपमध्ये नंदकुमारच्या एका गोलावर, सलग आठ पराभवांनंतर. तीनच आठवड्यांनी त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दहा जणांनिशी खेळणाऱ्या बागानने दिमित्री पेत्रातोसच्या गोलावर परतफेड केली.

कोणाचे विजय किती, यावर वाद होतात ते गणिताच्या चुकीने नव्हे, काय धरायचं यावरून. कलकत्ता लीग, शील्ड, ड्युरंड, रोव्हर्स, फेडरेशन कप, राष्ट्रीय लीग आणि आयएसएल एवढ्या स्पर्धांत हे संघ भिडले आहेत. पेनल्टी शूटआउटवर लागलेला निकाल नोंदीत बरोबरी म्हणून जातो, आठवणीत मात्र विजय म्हणून राहतो. अलीकडे कलकत्ता लीगमध्ये राखीव संघ उतरवतात, ते काही जण धरतच नाहीत. संयुक्त विजेतेपदं वेगळीच: १९७२ चा रोव्हर्स कप आपल्या मुंबईत कूपरेजवर दोघांनी वाटून घेतला. आणि ९ डिसेंबर २०१२ चा सामना कुठे टाकायचा? ईस्ट बंगाल १-० ने पुढे, बागानच्या ओडाफाला लाल कार्ड, गॅलरीतून आलेल्या दगडाने बागानचा रहीम नबी जखमी, आणि मध्यंतरानंतर बागान मैदानात आलंच नाही. सामना ईस्ट बंगालला बहाल झाला, बागानचे गुण कापले आणि दोन कोटींचा दंड बसला. मी तो विजयांत धरत नाही. नबी त्याआधी अनेक हंगाम ईस्ट बंगालकडून खेळलेला होता.